ड्रॉस्केलच्या राजाचा जावई

ड्रॉस्केलच्या राजाला मुलगी नाही. ही माहिती अधिकृत आहे, छापील आहे, आणि हिच्यापायी माझ्या बहिणीचं माहेर तुटता तुटता राहिलं.

ड्रॉस्केल कुठे आहे म्हणून नकाशा उघडू नका. तो देश जळगावपासून फार लांब आहे, म्हणजे मुळात नाहीच. तो एका खेळातला देश आहे. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं (कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर) आणि एकानं सूत्रधार व्हायचं. सूत्रधार सांगतो, "तुमच्यासमोर दरवाजा आहे." खेळणारे म्हणतात, "आम्ही तो उघडतो." मग वीस बाजूंचा एक फासा टाकायचा आणि दरवाजा उघडला की अंगावर पडला ते ठरवायचं. मोठी माणसं हे असलं खेळतात का? खेळतात. मी खेळतो! मी कॉलेजात भूगोल शिकवतो. खऱ्या देशांवर माझं पोट चालतं, पण जीव रमतो तो खोट्या देशात.

या खोट्या देशाचं एक खरंखुरं पुस्तक मिळतं. उशाला घेतलं तर मान मोडेल एवढं जाड. त्यात डोंगर आहेत, नद्या आहेत, राजांच्या वंशावळी आहेत, कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी भरतो तेही आहे. मी ते परदेशातून मागवलं, त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि घरात फतवा काढला की हात धुतल्याशिवाय या पुस्तकाला कोणी शिवायचं नाही. आई देवघरातली पोथी हळदीच्या बोटांनी उलटते, पण ड्रॉस्केलच्या वाटेला ती कधी गेली नाही.

माझं धोरण सरळ होतं. पुस्तकात आहे ते खरं, पुस्तकात नाही ते नाही. पूर्वी मी मित्रांबरोबर खेळायचो. एकानं बोलता बोलता ड्रॉस्केलच्या उत्तरेला समुद्र आणला, तेव्हा मी खेळ थांबवला, पान काढलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं की उत्तरेला समुद्र नाही, दलदल आहे. दुसऱ्यानं सरायवाल्याचं नाव चुकीचं घेतलं, तेव्हा पुन्हा पान काढलं. पुढे त्या सगळ्यांना एकदमच वेळ मिळेनासा झाला. (मला बरेच दिवस वाटत होतं, की खरंच वेळ नसेल बिचाऱ्यांना.)

"अरे, जो देशच नाही," माझी बायको अर्चना म्हणाली, "त्याच्या उत्तरेला समुद्र असला काय आणि चिखल असला काय, कुणाचं काय अडतंय?"

"अगं, म्हणूनच तर! खऱ्या देशाबद्दल कोणी काहीही बरळलं तरी तो देश जागचा हलत नाही. खोट्या देशाला पुस्तकाशिवाय कोण आहे?"

"आणि तुला पुस्तकाशिवाय कोण उरलंय?" असं विचारून ती कपडे वाळत घालायला गेली.

प्रश्न बरोबर होता. मित्र संपले होते, म्हणून मी घरच्यांकडे वळलो. मुहूर्त निवडला आखाजीचा.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात ती नुसती सोनं घ्यायची तिथी नव्हे. लेकी माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधले जातात. खापरावर, म्हणजे चुलीवरच्या उपड्या मडक्यावर, अंगरख्याएवढ्या पुरणपोळ्या होतात, आमरसाची पातेली भरतात. आणि पुरुषमंडळी पत्ते कुटतात. एरवी पत्त्यांचं नाव काढलं तरी लेकराच्या पाठीत धपाटा घालणारी माणसं आखाजीला मांडी ठोकून बसतात आणि कोणी त्यांना एका शब्दानं विचारत नाही. मी सुधारकाच्या आवेशात जाहीर केलं, "यंदा आपल्या घरात पत्ते नाहीत. यंदा ड्रॉस्केल!"

"पाव्हनाले आवडी का ते?" आईनं एवढंच विचारलं.

पाव्हना म्हणजे आमचे दाजी, अक्काचे यजमान, धुळ्याचे. अक्का माझी मोठी बहीण. दाजी बांधकामाचे ठेकेदार आहेत. माणूस कष्टाळू, सरळ, निर्व्यसनी. त्यांच्यात एकच खोट आहे, ती म्हणजे ते जावई आहेत. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानात पापड वाढायचा राहिला. एक पापड! दाजी पानावरून उठले नाहीत, रागावले नाहीत, छान जेवले आणि अक्काला घेऊन धुळ्याला गेले. त्यानंतर दोन आखाज्या अक्का माहेरी आली नाही. झोका बांधायचा, रिकामा हलायचा आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत पोळ्या करायची. त्या पापडाची किंमत आमच्या घरानं अशी चुकवली होती.

तर त्या वर्षी अक्का येणार होती, तीही चार दिवस. दाजी तिला सोडायला येणार, जेवणार, पत्त्यांऐवजी ड्रॉस्केल खेळणार आणि संध्याकाळी एकटे परत जाणार असा बेत होता. सकाळपासून आईनं प्रत्येकाला बजावलं होतं, "पाव्हनाले कोनी उलटं बोलू नका. पापड मी सोता वाढसू."

सकाळी नानांनी घागर भरली. नाना म्हणजे माझे काका. त्यांचं खताचं दुकान आहे. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावाची पाण्याची घागर आखाजीला नाना भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. (डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज.) मी नको तिथे भूगोलाचा प्राध्यापक झालो.

"नाना, घागरीवर डांगरच का ठेवतात?"

"ठेवतस म्हनीसन ठेवतस."

"पण कुठे लिहिलंय?"

"लिखेल कोठेच नही. तुना आजोबा ठेवत, मी ठेवस. मन्हानंतर तू ठेव."

मला हसू आलं. एवढी मोठी प्रथा, आणि हिच्यामागे साधं एक पान नाही! मी मनातल्या मनात ड्रॉस्केलच्या पुस्तकावरून हात फिरवला.

अक्का आणि दाजी आले. अक्का चहासुद्धा पूर्ण न पिता लहानपणच्या मैत्रिणींबरोबर झोक्यावर गेली. आई आणि शेजारच्या काकू मागच्या अंगणात खापरापुढे बसल्या. बाहेर जळगावचं ऊन असं, की उंबऱ्यावर पापड ठेवला तर भाजून निघावा. आणि आत मी, नाना, अर्चना आणि दाजी बर्फाच्या राज्यात शिरलो. कूलरच्या वाऱ्यानं नकाशा उडत होता, म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांवर कैऱ्या ठेवल्या.

नाना योद्धा झाले. तलवार घेतली आणि पहिल्याच चौकात खताचं दुकान टाकलं.

"नाना, ड्रॉस्केलमध्ये शेती नाही. सगळा बर्फ आहे. पुस्तकात स्पष्ट आहे."

"शेती नही, तं लोके खातस काय?"

मी पानं उलटली. चारशे पानांत राजांच्या मुकुटांची वर्णनं होती, तलवारींची होती. लोक खातात काय, ते कुठेच नव्हतं!

"मासे खातात," मी ठोकून दिलं.

"हे पुस्तकात आहे?" अर्चनानं डोळे बारीक केले. ती चोर झाली होती आणि भूमिकेत पुरती शिरली होती.

"पुढे चला," मी म्हटलं. "दाजी, तुम्ही काय होता? चोर होता का?"

टेबलाखालून नानांची लाथ माझ्या नडगीवर बसली. जावयाला 'चोर होता का' म्हणून विचारायचं नसतं, हे पुस्तकात नसलं तरी मला कळायला हवं होतं. दाजींनी मात्र राग धरला नाही. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "मी राजाना जवाई."

नाना खूश झाले. "वा! शोभस!"

दाजींनाही अंगात आलं. "मी घोडावर बशीसन राजवाडाले येस. पहारेकरी मुजरा करतस. सासरा सोता दरवाजालगून येस. मंग..."

"एक मिनिट," मी म्हणालो आणि पान काढलं. वाचकहो, त्या क्षणी गप्प बसण्यापासून मला कोणीही अडवलं नव्हतं. "दाजी, राजाला मुलगी नाही."

दाजींनी घोड्यावरून उतरल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे?"

"तीन मुलगे आहेत. धाकटा लढाईत गेला. मुलगी नाही, त्यामुळे जावई असू शकत नाही. तुम्ही परके ठरता. आता फासा टाका, पहारेकरी काय करतात बघू."

दाजींनी फासा टाकला. एक पडला! वीस बाजू असताना एक!

"अरेरे! पहारेकरी तुम्हाला हाकलतात. परक्या माणसाला वाड्याबाहेर, जनावरांच्या हौदाजवळ बसवायचं, असं इथे दिलंय."

"आनि जेवन?" दाजींचा आवाज एकदम खाली आला होता.

मी पान नीट वाचलं. (मी प्रामाणिक माणूस आहे!) "सूर्य मावळेपर्यंत देत नाहीत."

दाजी उठले. त्यांनी गाडीची किल्ली उचलली, टोपी घातली, दारात गेले आणि झोक्याच्या दिशेनं हाक मारली, "ऊठ वं! धुयाले जाऊ. आठे जवाईले कोनी वयखत नही."

आखाजीचा दिवस, जावई सासरवाडीत, खापरावर पोळी, आणि मेहुण्यानं तोंडावर सांगितलं होतं की तू जावई नाहीस, हौदाजवळ बस, जेवण मिळणार नाही! बाहेर अक्कानं पाय टेकवून झोका थांबवला. तिचा चेहरा मी खिडकीतून पाहिला. ती चिडली नव्हती. तिला जणू हे ठाऊकच होतं, अशी ती दोर सोडून उठली आणि मैत्रिणीनं माळलेला गजरा काढून तिनं तिच्या हातात परत दिला. आता ही दोन वर्षं येणार नाही, की चार, हा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आणि तरीही मी काय करावं? मी पुस्तक घेऊन दाजींच्या मागे धावलो!

"दाजी, माझं काही नाही हो, हे बघा, छापलंय!"

आवाज ऐकून आई मागच्या अंगणातून आली. हाताला पीठ, हातात उलथणं.

"काय व्हयनं?"

"राजानी जवाईले हाकली दिधं," नाना म्हणाले.

"कोन राजा?"

"हाऊच, तुना आंडोरना राजा. त्याले म्हने आंडेर नही."

आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. आईला आपल्या आंडोराचे प्रताप समजायला क्षणभरही लागला नाही. तिनं एकदा दाजींकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या अक्काकडे पाहिलं.

"नही कशी? व्हती," ती ठामपणे म्हणाली. "फैजपूरले शिकाले व्हती, मावशीकडे. पुस्तकवाला लिखाले उना, तवय घरमा नव्हती."

"आई, ड्रॉस्केलच्या राजाची मावशी आपल्या फैजपूरला?"

"राजानी नही रे! पोरनी मावशी!"

"अगं, पण असं कोणीही उठून राजाच्या घरात मुलगी घातली, तर उद्या..."

"सतीश," अर्चना खालच्या आवाजात म्हणाली, "मासे कुठल्या पानावर होते रे?"

तेवढ्यात अक्का आत आली. ती फारशी बोलत नाही. धुळ्याला गेल्यापासून तर फारच कमी बोलते. तिनं दाजींची रिकामी खुर्ची ओढली, बसली आणि फासा हातात घेतला.

"मी शे राजानी आंडेर," ती म्हणाली. "आखाजीले माहेर येल शे. चार दिन ऱ्हावानं मनमा शे. मना नवरा लगेच चाल म्हनस. मी मना बापले इचारस, जाऊ का ऱ्हाऊ?"

तिनं फासा टाकला नाही, मुठीतच धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. सगळेच माझ्याकडे पाहू लागले. मग माझ्या लक्षात आलं. या खेळात राजाच्या वतीनं सूत्रधार बोलतो. तिचा बाप मी होतो. कोपऱ्यात आबांची घागर होती, तिच्यावर ते डांगर होतं. हा प्रश्न अक्कानं आजवर घरात कुणालाच विचारला नव्हता. विचारणार कुणाला?

आणि अशा वेळीही माझं बोट आपोआप राजाच्या पानावर गेलं. "राजा स्वभावानं कठोर, कोपिष्ट..."

"सत्या!" आईनं उलथणं उचललं.

मी पुस्तक मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता बोललो. "राजा म्हणतो, पोरगी चार दिवस राहील. जास्त राहिली तरी राजाची हरकत नाही."

"पन..." दाजी दारातून म्हणाले.

"पन काय पाव्हना?" नाना लगेच पुढे सरसावले. "राजाना जवाई शे म्हनीसन तुमीच सांगं ना? मंग सासरानं आयकनं पडी. नही तं बठा हौदजोडे."

दाजी कात्रीत सापडले. जावई व्हायचं तर सासऱ्याचं ऐकावं लागणार, आणि ऐकायचं नाही तर जावईपण जाणार. त्यांनी किल्ली बोटाभोवती बराच वेळ फिरवली.

"राजा दरवाजालगून येस का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"येतो!" मी म्हणालो आणि खरोखरच उठून दारापर्यंत गेलो.

"पाय धवाले पानी?"

"देतो!"

"पापड?"

"दोन!" आई ओरडली.

दाजी बसले. त्यानंतर ड्रॉस्केलमध्ये एकही लढाई झाली नाही. चौथ्या प्रकरणातला बर्फाचा राक्षस दारात आला, त्याला आमरस वाढला, आणि नानांनी त्याला युरियाचं पोतं विकलं. राजानं जावयाला टॉवेल-टोपी केली. पुस्तकाच्या कव्हरवर आमरस सांडला आणि तो पुसायला कोणी उठलं नाही. अक्का चार दिवस राहिली. तिचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं.

गोष्ट इथेच संपायला काय हरकत होती? पण आखाजी दर वर्षी येते.

यंदा दाजी आले ते काखेत एक जाड पुडकं घेऊनच. चहा घेतला, पुडकं सोडलं. आत तेच पुस्तक! प्लास्टिकचं कव्हर! जागोजागी खुणेच्या रंगीत चिठ्ठ्या! धुळ्याचा हा ठेकेदार माणूस वर्षभर रोज रात्री चष्मा लावून ड्रॉस्केल वाचत होता. तर्जनीला थुंकी लावून त्यांनी बरोबर पान काढलं.

"सतीशभाऊ, तुमनं बरोबर व्हतं. राजाले आंडेर नही. वंशावय पहा. म्हंजे मांगला सालनं राजानं बोलनं बाद! धुयाले घरमा पाव्हना येनार शेतस. अक्काले मी सांजलेच लई जास." आणि वर म्हणाले, "उत्तरले समुद्रबी नही. दलदल शे."

सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं. दारात अक्का उभी होती, हातात झोक्याचा दोर. दाजींनी मांडलेला शब्दन् शब्द माझा होता. मी ज्यासाठी मित्र गमावले, आईच्या उलथण्याला तोंड दिलं, ते सगळं त्यांनी एका बैठकीत मान्य केलं होतं. माझा आयुष्यातला पहिला अनुयायी! आणि मी काय म्हणालो?

"दाजी, पुस्तकात काय हो, काहीही लिहितात!"

अर्चनाला ठसका लागला. नानांनी टाळूवरून हात फिरवत निरागसपणे विचारलं, "पन कोठे लिखेल शे, की आंडेर शे म्हनीसन?"

"माझ्या पुस्तकात आहे!" मी म्हणालो. "दाजी, तुमची आवृत्ती जुनी आहे. थांबा, आणतो."

मी आतल्या खोलीत गेलो. पुस्तक आणायला जरा वेळ लागला. (कपाटाचं दार अडकलं होतं.) मग मी ते दाजींपुढे उघडून धरलं. तीन राजपुत्रांच्या इंग्रजी नावांखाली चौथी ओळ होती, मराठीत. 'राजकन्या. फैजपूरला शिकली. धुळ्याला दिली. आखाजीला चार दिवस माहेरी राहते.'

दाजींनी चष्मा लावला. ओळ वाचली, पुन्हा वाचली. बाहेर झोक्याची करकर सुरू झाली होती, म्हणजे अक्का निकालासाठी थांबलीसुद्धा नव्हती. दाजींनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून पाहिला. अंगठा निळा झाला होता.

"भाऊ," ते म्हणाले, "शाई वली शे आजून."

"असणारच," मी म्हणालो. "ताजी आवृत्ती आहे. आणि दाजी, आधी हात धुऊन या बरं. अधिकृत पुस्तक आहे ते!"